‘जो बनता है, दे देना’: विमानतळाच्या दारातल्या टॅक्सीवाल्यांना आणि त्यांच्या साहेबांना खुलं पत्र

इंदूरच्या विमानतळाबाहेर टॅक्सी लावणाऱ्या मंडळींना, त्यांना गिऱ्हाईक गाठून देणाऱ्या मधल्या माणसांना, आणि भाड्याच्या दरांवर ज्यांची सही चालते त्या साहेबांना,

सप्रेम नमस्कार.

तिघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे, कारण गेल्या महिन्याभरात अवाच्या सवा भाड्याची तक्रार घेऊन गेलो तर तिघांनीही मला एकमेकांकडे पाठवलं. ड्रायव्हर म्हणाला, रेट वरून येतो. वरच्यानं सांगितलं, आमचं काम गाड्या रांगेत उभ्या करण्यापुरतं, भाडं दुसरं खातं बघतं. दुसऱ्या खात्याच्या खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, लेखी द्या, गाडीचा नंबर घाला, बघू. नंबर माझ्याकडे नाही. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे.

मी राजेंद्रनगरमध्ये राहतो, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. आमच्या घराण्यात प्रत्येकाकडे एकेक खातं आहे. कुणाकडे आमंत्रणं, कुणाकडे आचारी, माझ्याकडे पाहुणे आणणं. पूर्वी हे खातं रेल्वे स्टेशनाचं होतं. मुंबईचे पाहुणे अवंतिकेनं यायचे, फलाटावर उभं राहून डबा शोधायचा आणि हमालाशी दोन रुपयांवरून हुज्जत घालायची. आता पुणे, मुंबई, बंगळूर, सगळे विमानानं येतात. लग्न असो, मुंज असो, गाण्याच्या कार्यक्रमाला आलेला कुणी तबलजी असो, रात्री-अपरात्री विमानतळावर जाऊन मी उभा. माझी गाडी असायची तोवर तुमच्या व्यवहाराशी माझा संबंध आला नाही. तो या जानेवारीत आला.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी पुण्याहून आत्या आली. वय ७४. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली. विमान धुक्यामुळे लांबलं आणि साडेनऊला उतरायचं ते पावणेबाराला उतरलं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते, गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद. म्हणून घरी बसून मोबाइलवरून टॅक्सी बुक केली. भाडं दाखवलं ३१० रुपये. ड्रायव्हरचा फोन आला, ‘ड्रॉप कहाँ का है?’ सांगितलं. ‘पेमेंट ऑनलाइन कि कैश?’ तेही सांगितलं. मग म्हणाला, ‘भिया, आप केंसल कर दो, गाड़ी में थोड़ा काम निकल आया.’ दुसऱ्यानं तेच दोन प्रश्न विचारून सरळ ५०० मागितले. तिसऱ्यानं फोनच घेतला नाही. नकाशावर त्याची चिमुकली गाडी बारा मिनिटं एकाच जागी उभी.

तोवर आत्या बाहेर आली होती. गळ्यात पट्टा, पट्ट्याला प्लास्टिकचं कार्ड, असा एक तरुण पुढे झाला आणि तिच्या हातातली बॅग घेत म्हणाला, ‘माताजी, अपनी ही गाड़ी है.’ आत्यानं भाडं विचारलं. तीनदा विचारलं असं ती सांगते, आणि मोजण्यात ती चुकत नाही. तिन्ही वेळा उत्तर एकच मिळालं: ‘अरे माताजी, जो बनता है, दे देना.’

इंदूरबाहेरच्या माणसाला हे वाक्य फार गोड वाटतं. आत्यालाही वाटलं. सणाचे दिवस म्हणून तिनं गाडीत बसल्या बसल्या ड्रायव्हरला डब्यातला तिळगूळसुद्धा दिला, आणि तोही वाटभर अगदी गोड बोलला.

दारात उतरल्यावर चिठ्ठी हातात आली. ती आत्ता माझ्यासमोर आहे. कुठल्याशा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर, निळ्या बॉलपेननं: भाडा ६००, नाइट २००, पार्किंग १५०, सामान १००, एसी १००. खाली दुहेरी रेघ, आणि टोटल १२५०. आत्यानं फाटकाच्या दिव्याखाली चष्मा लावून वाचली आणि म्हणाली, ‘अरे, बेरीज अकराशे पन्नास येते.’ ड्रायव्हर म्हणाला, ‘माताजी, राउंड फिगर.’ रात्रीचा पाऊण वाजलेला, गल्लीत चिटपाखरू नाही, बॅग अजून डिकीत. तिनं पैसे दिले. मी जिना उतरून खाली येईपर्यंत गाडी कोपऱ्यावरून वळली होती.

जानेवारीच्या थंडीत एसीचे १०० रुपये! तेही उजवीकडची काच वर होत नव्हती म्हणून आत्या डोक्याला शाल गुंडाळून आली होती.

विमानतळापासून आमचं दार माझ्या स्कूटरच्या काट्यावर साडेदहा किलोमीटर. कालानीनगर, गंगवाल बसस्टँड, महूनाका, अन्नपूर्णा, आणि आलंच. रात्री पंचवीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत. या रस्त्याचं भाडं ५०० रुपये असं फलकावर लिहा, मी ५०० देईन. ७०० लिहा, कुरकुरत का होईना पण देईन. मात्र ते आधी लिहा. केस किती पांढरे आहेत, बरोबर कुणी आहे का, घड्याळात किती वाजलेत हे बघून जो आकडा ‘बनतो’, त्याला भाडं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. याच शहरात सराफ्याच्या खाऊगल्लीत मध्यरात्री जिलबी तोलणाऱ्याच्या काट्यावर सरकारी शिक्का लागतो. टॅक्सी-रिक्षाचा मीटरही वजनमापाच्या त्याच २००९ च्या कायद्याखाली तपासून शिक्का मारून घ्यायचा असतो. जिलबीवाल्याचा काटा रोज हलतो. आमच्या रिक्षांमधला मीटर शेवटचा कधी पडला हे आठवायला मला मुलाच्या बारशापर्यंत मागे जावं लागेल.

आता तक्रारी सांगतो. सगळ्या आत्याच्या नाहीत. कॉलनीत नुसता विषय काढला तर चार घरांतून चार किस्से निघाले.

पहिली, त्या गळ्यातल्या पट्ट्याची. विमानतळावर पट्टा आणि कार्ड दिसलं की बाहेरगावचा माणूस त्याला कर्मचारीच समजतो. कार्डावर काय छापलंय ते वाचायला कुणी थांबत नाही, आणि एकदा बॅग दुसऱ्याच्या हातात गेली की माणूस बॅगेमागे चालतो. बॅग हातात घेणं हाच तुमचा सौदा पक्का करण्याचा प्रकार आहे. तो बंद करा.

दुसरी, ॲपच्या गाड्यांची. ड्रायव्हर बुकिंग स्वीकारतो, ठिकाण आणि पैशांचा प्रकार काढून घेतो, आणि पटलं नाही तर प्रवाशालाच रद्द करायला लावतो. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं ॲपच्या टॅक्सींसाठी सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत ड्रायव्हरनं सबळ कारणाशिवाय फेरी रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के, पण १०० रुपयांच्या आत, दंड सांगितला आहे. प्रवाशालाही तोच नियम. कागदावर बरोबर आहे. पण बटण कुणी दाबलं एवढंच मशीनला कळतं. ते कुणी दाबायला लावलं हे त्याला कसं कळणार? मी त्या रात्री दोनदा रद्द केलं आणि दोन्ही वेळा गुन्हेगार मीच ठरलो. गर्दीच्या वेळी भाडं मूळ दराच्या दुपटीपर्यंत नेण्याची मुभाही याच तत्त्वांत आहे. म्हणजे जास्त पैसे मिळवायचा राजरस्ता उघडा असताना फोनवरून वेगळे ५०० कशाला मागायचे?

तिसरी, चिठ्ठीतल्या ओळींची. पार्किंग, नाइट, सामान, एसी. एका शेजाऱ्याकडून ‘टोल’ घेतला. विमानतळापासून महूनाक्यापर्यंतच्या रस्त्यावर टोलनाका कुठे आहे ते मला दाखवा, मी तिथं हार घालायला येतो.

चौथी, स्क्रीनशॉटची. शेजारच्या मुलीला ड्रायव्हरनं उतरताना ‘हे बघा ॲपवरचं भाडं’ म्हणून फोन दाखवला. ती हुशार, तिनं वरच्या कोपऱ्यातली वेळ बघितली. फोनवरच्या चित्रात दुपारचे सव्वाचार, बाहेर रात्र. त्यानं निमूट फोन खिशात घातला.

पाचवी मला सगळ्यांत गंभीर वाटते, आणि तिच्याबद्दल लोक सगळ्यांत कमी बोलतात. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते आणि अक्षरं काळी. विजेवरची असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. रात्रीच्या विमानाला बाहेर पांढऱ्या पाटीच्या गाड्याही गिऱ्हाईक घेतात. अशा खाजगी गाडीचा विमा भाड्याच्या प्रवाशासाठी काढलेला नसतो. अपघात झाला तर भांडत बसायचं प्रवाशाच्या घरच्यांनी. केंद्राच्या मोटार वाहन नियमांप्रमाणे टॅक्सीत ठावठिकाणा कळवणारं यंत्र आणि धोक्याचं बटण असायला हवं, ते पांढऱ्या पाटीच्या गाडीत कुठून येणार? आत्या कोणत्या पाटीच्या गाडीतून आली हे आम्हाला आजही सांगता येत नाही, आणि तेच मला रात्री आठवतं.

आणि यात्रेकरू. महाराष्ट्रातून येणारी निम्मी मंडळी इंदूरला उतरतात ती महाकाल आणि ओंकारेश्वर, दोन ज्योतिर्लिंगं एका फेरीत करायला. उज्जैन इथून ५५ किलोमीटरच्या आसपास, ओंकारेश्वर ८०च्या आसपास. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘महाकाल लोक’ हा मंदिराभोवतीचा नवा परिसर झाल्यापासून हा ओघ वाढलेला आम्ही रोज बघतो. त्यांना ‘सब मिला के’ म्हणून एक आकडा सांगतात. मग उज्जैनला पार्किंग निघतं, घाट उतरताना ड्रायव्हरचा भत्ता निघतो, ओंकारेश्वरला पोचल्यावर ‘गाड़ी यहीं तक की बात हुई थी’ असं निघतं. नगर जिल्ह्यातल्या एका कुटुंबाला असं अर्ध्यावर उतरवल्यावर त्यांनी नातेवाइकांच्या नातेवाइकांतून माझा नंबर शोधून मला फोन केला होता. मी काय करणार? ओळखीच्या माणसाला सांगून दुसरी गाडी पाठवली. २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. रस्ते रुंद होतायत, पूल होतायत, सगळं खरं. त्या गर्दीतला बराच भाग विमानानं याच दारातून बाहेर पडणार आहे. तेव्हाही भाडं ‘जो बनता है’ हेच असणार का?

टॅक्सीवाल्या भावांनो, तुमची बाजू मला माहीत नाही असं समजू नका. आठवडाभरानं मी मुद्दाम कालानीनगरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. तुमच्यातलाच एक जण बोलला, नाव सांगणार नाही. नंबर लागायला चार-चार तास, गाडीचा हप्ता, ॲपचं कमिशन, आणि रात्री शहरात सोडून परत यायचं ते रिकामं. वर, गिऱ्हाईक आणून देणाऱ्याचा वाटा. त्यानं हिशेब करून दाखवला तेव्हा कळलं की आत्याच्या १२५० मधले ४०० तर बॅग उचलणाऱ्याचेच असणार. म्हणजे तिळगूळ खाल्लेल्या माणसाला मिळाले साडेआठशे, आणि शिव्या खाणार तोच. तुमच्या रिकाम्या फेरीचे पैसे भाड्यात धरा, रात्रीचा दर वेगळा ठेवा, डिझेल वाढलं की दर वाढवा. माझी हरकत नाही. पण हे सगळं तुम्ही साहेबांकडे मागा; मध्यरात्री उतरलेल्या म्हातारीच्या पर्समधून परस्पर वसूल करू नका.

साहेब, आता तुमच्याकडे वळतो. टॅक्सीचं भाडं ठरवण्याचा अधिकार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ नं राज्य सरकारला दिलेलाच आहे. नवा कायदा लागत नाही. त्याच कायद्यात कलम १७८ आहे: परवान्याच्या गाडीनं विनाकारण भाडं नाकारलं तर दंड. टॅक्सीला ५०० रुपयांपर्यंत, तीनचाकीला ५० रुपयांपर्यंत. पन्नास! एवढ्यात आता सराफ्यात गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, धड प्लेट येत नाही. दंड वाढवणं तुमच्या हातात नसेल, लावणं तरी आहे.

दरम्यान लोक आपापली सोय करतातच. सामान हलकं असलेली पोरं गेटबाहेर चालत येऊन ई-रिक्षा धरतात, बडा गणपतीला उतरून पुढची गाडी घेतात, किंवा बाइक-टॅक्सीच्या मागे बसतात. आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कोण विमानतळाकडे जातंय?’ हा प्रश्न आता ‘पाणी आलं का?’ इतकाच नेहमीचा झाला आहे. प्रत्येक मराठी वस्तीत एक ठरलेला रिक्षावाला आहे; सुदामानगरचा वेगळा, लोकमान्यनगरचा वेगळा, आणि त्याचा नंबर लोणच्याच्या पाककृतीसारखा सुनेकडे सोपवला जातो. मेट्रोचा सहा किलोमीटरचा पहिला टप्पा ३१ मे २०२५ ला, अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीला सुरू झाला, गांधीनगरपासून सुपर कॉरिडॉरच्या बाजूनं. आम्ही हौसेनं बसून आलो. विमानतळाचं भुयारी स्टेशन आराखड्यात आहे. ते होईल तेव्हा मी पहिल्या गाडीनं आत्याला आणीन, पण आत्या तोवर थांबणार नाही.

या सगळ्या सोयी ओळख असलेल्यांच्या आहेत. ज्याचं इंदुरात कुणी नाही, त्याला फक्त तुम्ही आहात. ज्यांचं नाव विमानतळाला दिलंय त्या अहिल्यादेवींनी काशीपासून रामेश्वरापर्यंत अनोळखी वाटसरूंसाठीच तर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. यावर अधिक लिहीत नाही, तुम्हालाही लाज वाटत असेलच.

मागण्या साध्या आहेत.

भाड्याचा फलक बेल्टपाशी लावा. बॅगेची वाट बघत माणूस तिथं पंधरा मिनिटं उभा असतो आणि त्याला जमिनीच्या जाहिराती वाचाव्या लागतात. राजवाडा, रेल्वे स्टेशन, सरवटे बसस्टँड, विजयनगर, राजेंद्रनगर, महू, उज्जैन, ओंकारेश्वर, एवढी नावं आणि त्यापुढे आकडे. रात्रीचा दर किती वाजता लागतो ते. सामान आणि पार्किंग त्यात धरलं आहे का ते. अक्षरं अशी की मोतीबिंदूवाल्यालाही दिसावीत.

प्रीपेडची पावती शेवटचं विमान उतरेपर्यंत मिळू द्या. आत्या आली तेव्हा काउंटरवर फक्त खुर्ची होती. दिल्लीला वाहतूक पोलिसांच्या प्रीपेड खिडकीवर जी पद्धत आहे ती मला पटते: पैसे आधी खिडकीवर, पावतीचा एक भाग प्रवाशाच्या हातात, आणि तो उतरताना ड्रायव्हरला द्यायचा. तो दाखवल्याशिवाय ड्रायव्हरला पैसे मिळत नाहीत. त्यामुळे वाटेत ‘राउंड फिगर’ सुचत नाही. पावतीवर गाडीचा नंबर आपोआप येतो, मग मला खिडकीवरच्या गृहस्थांसमोर ओशाळं व्हावं लागणार नाही.

ॲपच्या गाड्यांना उजेडातली, जवळची, ठरलेली जागा द्या. पांढऱ्या पाटीची गाडी भाडं घेताना दिसली तर तिथल्या तिथं थांबवा. गळ्यात पट्टा घालून गिऱ्हाईक गाठणाऱ्यांना आत आणि दारात फिरकू देऊ नका. आणि विमानांच्या वेळा धरून स्टेशनपर्यंत एक बस सोडा, रात्रीच्या विमानांनाही. बंगळूरला शहर बससेवेच्या ‘वायु वज्र’ बसगाड्या वर्षानुवर्षं विमानतळाहून शहरभर जातात. आपल्याकडे कचऱ्याची गाडी कुठल्या गल्लीत किती वाजता पोचली हे कंट्रोल रूममध्ये पडद्यावर दिसतं, त्याच जोरावर २०१७ पासून स्वच्छतेत आपण देशाला मागे टाकतो आहोत. ज्यांना कचऱ्याची गाडी वेळेवर धाडता येते त्यांना माणसांची बस अवघड जाऊ नये.

यातलं काय करणार, काय नाही आणि कधी, हे एका पानावर लिहून विमानतळाच्याच दारात लावा. मला वेगळं उत्तर नको.

आत्या येत्या रविवारी पुण्याला परत जाते आहे. पहाटेचं विमान आहे. आमच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवलं आहे, साडेचारला दारात येईल. भाडं ३०० ठरलंय, आणि आत्यानं ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलंय.

आपला,
राजेंद्रनगरचा एक रहिवासी, इंदूर

ता. क. चिठ्ठी जपून ठेवली आहे. आत्यानं १२५० वर लाल पेननं काट मारून शेजारी ११५० लिहिलं आहे आणि खाली सही केली आहे. ज्या कुणाचं अक्षर असेल, त्यानं शंभर रुपये परत आणून द्यावेत. घर त्याला माहीत आहे.